टोला

परीक्षेच्या दिवसात साऱ्यायच्या आंधी मीच भेतो.
घंटा माह्या हातात.
घंटा म्हंजे काय, रुळाचा हातभर तुकडा,
निंबाच्या फांदीले तारेनं टांगलेला,
अन् बाजूले लोखंडी पहार.
साडेदहाले पयला टोला, अकराले पेपर,
मधात लेकरायच्या पोटात काय काय होते
थे माह्याशिवाय कोनाले दिसत नाई,
कारन सारे निंबाखालीच येऊन ओकतात.

मी डोमाजी नेहारे, शिपाई.
बीजगणितात तीन खेपा गेलो.
तिसऱ्या खेपेले तं पेपर सोपा होता म्हनतात.
मले आठवते फक्त बाकावर निंगालेला खिया,
त्याच्या बाजूले कोनीतरी कोरलेला बदाम,
अन् माही मान, जी वर होयेचना.

त्या दिवशी मांगलीची उईके पोट्टी आली,
प्रांजली, कायीपिवयीत मांगं लटकून,
हॉलतिकीट पिशवीत, पिशवी वहीत, वही छातीशी.
उतरली अन् सीधी निंबाखाली.
भाकर, च्या, सारं बाहेर.
हेडमास्तर म्हने, लंबा श्वास घे.
कोनाची तरी माय म्हने, देवाचं नाव घे.
मी म्हनलो, भेऊ नोको.
भेऊ नोको म्हनल्यानं आजलोग कोनाचं भेव गेलं?
पन दुसरं काई येत असतं
तं मी शिपाई कायले झालो असतो.

"सारं पाठ होतं काका," थे म्हने,
"राती चुलीपाशी मायले म्हनून दाखवलं.
माय शिकेल नाई, तरी हो हो म्हने.
आता डोक्यात काईच नाई.
वावरातून रोही पयावे तसे सूत्रं पयाले."

साडेदहा झाले होते. मले थांबता येत नाई.
पहार घेतली अन् हानला टोला.
थे दचकली, तोल गेला,
आधाराले रूळच धरला तिनं.
अन् धरूनच राह्यली.

बाकीचे लेकरं लाईन करून गेले.
"काका, हे बी थरथरते."
थरथरनारच, मी म्हनलो, मार खाल्ला त्यानं.
"थांबते?"

बावीस वर्सं वाजवून राह्यलो,
मले कोनी हे इचारलं नोतं.
आमी दोघं उभे.
वरून निंबाचा पिवया पाला पडत होता,
तिच्या येनीत एक पान अटकलं.
आवाज केव्हाचाच मेला होता,
तिच्या तयव्याखाली मातर अजून काईतरी चालू होतं.
मंग म्हने, "थांबलं."
कोनं थांबवलं?
"कोनीच नाई."

तोंड ओढनीले पुसलं अन् आत गेली.

पान्याची कॅन घेऊन मी चार नंबर खोलीत गेलो तवा
पेन चालू होता, हयूहयू,
डावा हात बाकावर पालथा,
रुळावर होता तसा.
गिलास पुढं केला. तिनं घेतला नाई.
वर पाह्यलं बी नाई.
मले बरं वाटलं.

निकालाचं मले इचारू नोका.
निकाल आता मोबाईलवर येते,
शिपायाले कोन सांगते.

एवढं खरं, का भूमितीच्या दिवशी
थे घंटाभर आंधी आली.
संग तिघी पोट्ट्या, एक तं आमच्याच गावची,
निकोड्यायची, नखं खाऊन रगत काढलेली.
"काका, हाना."
म्हनलो, वेय नाई झाला.
"हलकासा."

हेडमास्तर हापिसात, पंखा चालू.
मी पहारीच्या टोकानं टिचकी देल्ली,
फांदीवरचा कावया बी उडाला नाई.
चार हात रुळावर.
मंग पहार खाली ठेवून
माहा.